बिनखळीचा रुमाल

श्रीपती मगदूम, वय त्रेपन्न,
शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाल.
केसपेपरवर माझंच अक्षर:
नाक वाहणे, डावी बाजू. अ‍ॅलर्जी.
त्याखाली चार महिन्यांच्या तारखा,
तीन तऱ्हेचे फवारे, दोन तऱ्हेच्या गोळ्या
आणि दर खेपेला तोच शेरा:
फरक नाही.

"वाकलं की गळतंय," तो म्हणायचा,
"ढेप उचलाय वाकलो की टप टप.
गुळावर पडंल म्हणून नाकाखाली रुमाल बांधतोय.
मालक म्हणतोय, घरात बस."
मी म्हणायचे, पोत्यांची धूळ आहे,
वाफ घ्या.
बाहेर वीस माणसं,
कानात चिंचोका घालून घेतलेलं एक पोर
भिंत हलेल असं रडत होतं.

पाचव्या खेपेला बायको आली सोबत, हौसाक्का.
स्टुलावर बसली नाही.
पिशवीतून रुमालांची चवड काढून
माझ्या टेबलावर ठेवली, टॉर्चच्या शेजारी.
"बाई, ह्यांची रुमालं मी धुतो.
तीन पोरांची नाकं पुसून मोठी केली.
सर्दीचा रुमाल वाळला की कसा हुतो?
खळ घातल्यागत, कडाक.
ह्यो बगा. न धुता वाळवलाय."
बोटांत चुरगाळून दाखवला.
मऊ.
"ही सर्दी न्हवं."

पुस्तकात एक ओळ होती, पानाच्या तळाशी,
बारीक टायपात,
परीक्षेच्या आदल्या रात्री मी अधोरेखित केलेली,
सतरा वर्षांत एकदाही कामी न आलेली.
ही बाई ती रोज दोरीवर वाळत घालत होती.

"घशात उतरलं तर चव कशी लागते?"
"खारट."
चार महिन्यांत हे मी विचारलंच नव्हतं.

त्याला वाकवलं, डोकं गुडघ्यांपाशी,
नाकपुडीखाली काचेची नळी.
पंख्याची करकर, कुणीच बोलेना.
सातव्या मिनिटाला पहिला थेंब,
इतका नितळ
की नळीवरचा आकडा त्यातून मोठा दिसला.
बर्फात घालून रात्रीच्या गाडीनं पुण्याला पाठवला.
नवव्या दिवशी कागद आला.
मग स्कॅन: नाकाच्या छताशी,
चाळणीसारख्या पातळ हाडात,
मोहरीएवढी फट.

"हे पाणी नाकाचं नाही, मेंदूभोवतीचं आहे."
तो बराच वेळ नखं बघत राहिला.
"म्हंजे कौल फुटलंय म्हणा की."
"हो."
"आट वर्सामागं ट्रकवरनं पडल्तो.
ते सांगायचं व्हतं व्हय?"
नाही, श्रीपतराव.
ते मी विचारायचं होतं.

सर मिरजेहून आले, मी त्यांच्या हाताखाली.
पाठीच्या कण्यात सोडलेला रंग
दुर्बिणीच्या पडद्यावर
हिरवा होऊन झिरपला,
तेव्हा कळलं, इथं.
मांडीतला पातळ पापुद्रा, थोडी चरबी,
वर चिकटवणारा द्रव.
एवढंच.
आठ वर्षं जंतूंना ही वाट सापडली कशी नाही,
हे सरांनाही सांगता आलं नाही.

दीड महिना वाकायचं नाही.
शिंक आलीच तर तोंड उघडून.
जड तर आता कायमचं नाही;
अडतीवर काट्यापाशी बसून वजनं लिहितो,
अक्षर माझ्यापेक्षा बरं.

परवा, थंडीत, हौसाक्का एकटीच आली.
नंबर न लावता दार ढकलून आत,
आणि पदराआडून एक रुमाल टेबलावर आपटला.
वाजला.
मी उचलून उभा धरला,
हात काढला,
क्षणभर तसाच उभा राहिला.
"सर्दी झाल्या ह्यास्नी," ती म्हणाली,
चेहरा असा, जणू पोरगी पास झालीय.
"खरी!"
दोघी हसत सुटलो, बाहेरचे डोकावले.
"आता ह्याला काय देतासा?"
"वाफ," मी म्हटलं.
तिनं रुमाल घडी न घालताच पिशवीत टाकला.
"ते तर तवाबी सांगितलंसा की."